झाडलेल्या खोलीतलं शून्य

"त्या डबीवर विसंबू नकोस गं. तोमोचा टॉवेल एकदा परातीत वेगळा धुवून बघ, आणि मग मला आकडे सांग," असं तोकीए आजी डिसेंबरात म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

तोंडावर हसले नाही. "हो आजी, बघते," म्हणाले, आणि त्यांनी सोललेली संत्र्याची फोड मी माझ्या लेकीच्या, सुझुच्या हातात दिली. पण मनात म्हटलं, आजींना काय कळतंय यंत्रातलं! मी फुकुओकाला चार वर्षं आहारशास्त्र शिकले आहे. लग्नाआधी शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे मुलांच्या जेवणातलं मीठ ग्रॅमवर मोजलं आहे. ती डबी मिनिटामिनिटाला हवा ओढते, तिच्यावर प्रकाश टाकते आणि किती धूळ चमकली ते मोजते. तिच्यापुढे टॉवेलाची काय साक्ष काढायची?

आजी आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. इवानागांच्या कारखान्यात खिडकीजवळच्या बाकावर त्यांनी अडतीस वर्षं काम केलं. आता त्या बाकावर माझा नवरा तोमोहारू, म्हणजे तोमो, बसतो. आजींच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत मोजून साठ पावलं आहेत. तेवढ्यात आजी खोकत, धापा टाकत दोनदा कठड्यावर टेकतात. हे मी रोज बघत होते, आणि तरी हसले होते.

हासामी हे आमचं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव; इथे काय चालतं ते सांगायची गरज नाही, तुमच्या फडताळातसुद्धा इथली एखादी वाटी असेल. कोणी माती मळतं, कोणी साचे करतं, कोणी भाजतं. इवानागांकडे कच्ची भांडी होतात. साच्यातून निघालेल्या पेल्याला शिवण राहते, काठ जाड राहतो. जाडजूड भांड्यांवर ओला स्पंज फिरवला की भागतं. पण पातळ काठाचे पेले मागणारी गिऱ्हाइकं वाढली तसा तोमो कोरडा पेला हातात धरून पात्याने काठ खरवडायला लागला. दोन वेळा खरवडायचं, एक फुंकर. दिवसाला तीनशे पेले. ती भुकटी मैद्याहून बारीक असते, आणि फुंकरीने ती कुठे जात असेल?

म्हणून या हिवाळ्यात भांडीवाल्यांच्या संघाने अकरा कारखान्यांना अंगावर लावायचे धूळमापक वाटले तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद मला झाला असेल. सुझु झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी बाई मी. तोमो खोकला की किती वेळा खोकला ते मोजायची. आता मोजायला यंत्र आलं होतं. इवानागांकडे दोन डब्या आल्या. एक तोमोच्या छातीवर, दुसरी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या याएको-सानच्या. संघाने रेघ ठरवून दिली होती, एका घनमीटर हवेत ०.१० मिलिग्रॅम धूळ. त्याच्यावर गेलं की वाईट. रोजची सरासरी तक्त्यात भरायची, फेब्रुवारीअखेर तक्ता संघात द्यायचा. बाकाला जोडायची धूळ ओढून घेणारी यंत्रं संघाला दोनच परवडणार होती. ज्यांचे आकडे सगळ्यांत वाईट, त्यांना ती मिळणार.

आमचे आकडे आले ०.०२. ०.०१. ०.०२. ०.००.

कारखान्याचे मालक इवानागा-सान, त्यांना आकाश ठेंगणं झालं. तक्ता त्यांनी भिंतीवर लावला आणि ०.०० च्या दिवसाभोवती लाल पेनाने फूल काढलं, शाळेत बाई काढायच्या तसं. येईल त्याला सांगायचे, "इथे ऑपरेशन करून घ्या, जंतू सापडायचा नाही!"

आणि आकडे बघून तोमोने नाकातोंडावरचा मुस्का हनुवटीवर ओढला. मी म्हटलं, लाव की. तो म्हणाला, "०.०१, चिगुसा. तुझ्या गादीतसुद्धा याहून जास्त धूळ असेल." आकडा तर माझाच लाडका होता. पण तो खोकत होता. जानेवारीत आधीपेक्षा जास्त.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तोमो जेवायला घरी आला तो डबी छातीवर तशीच ठेवून. मी बांगडा भाजत होते. वर पंखा लावायला विसरले, कारण सुझुने त्याच वेळी मिसोच्या सुपात स्वतःचा मोजा बुडवला होता. स्वयंपाकघर धुराने भरलं. छतावरच्या धूरसूचकातली बाई ओरडायला लागली, "आग लागली आहे! आग लागली आहे!" सुझुने भोकाड पसरलं. तोमो गळ्यातला कामाचा टॉवेल घेऊन हवा सारायला उठला आणि माझी नजर त्याच्या छातीवर गेली.

०.००.

"तोमो, हलू नकोस!"

"ती बाई म्हणते आग लागली, आणि तू म्हणतेस हलू नको? तुम्ही दोघी आधी आपसात ठरवा."

मी धुमसता तवा उचलून त्याच्या छातीखाली धरला. धूर सरळ डबीच्या तोंडात जात होता. ०.००. ०.००. बऱ्याच वेळाने ०.०१.

"मला भाजतेस का आता?"

"छतावरच्या बाईला धूर दिसतो आणि हिला दिसत नाही?"

"ही शांत स्वभावाची आहे," तोमो म्हणाला. "सगळ्यांनी तुझ्यासारखंच असावं का?" आणि खोकला. त्या खोकल्यात मात्र थट्टा नव्हती.

तो गेल्यावर मी त्याचा टॉवेल घेतला आणि परातीत वेगळा धुतला. पाणी दुधासारखं झालं. तासाभराने वरचं पाणी निवळलं आणि तळाशी थर बसला. बोटाने रेघ ओढली तर ओढली गेली. एका सकाळचा टॉवेल! दोन महिने मी तोकीए आजींना आकडे वाचून दाखवले होते, आणि त्या मान डोलवत ऐकत बसल्या होत्या.

पण यंत्र बिघडलेलं म्हणावं तर दोन्ही डब्या सारखाच आकडा दाखवत होत्या. दोन डब्या एकाच वेळी एकसारख्या कशा बिघडतील?

उत्तर संध्याकाळी सुझुच्या भाताने दिलं. मी तिचा भात मोजून देते. (हसा, तोमोही हसतो.) वाटी काट्यावर ठेवली, शून्याचं बटण दाबलं आणि पाहते तर काटा उणे पंचाऐंशी दाखवतोय. सुझुचा हात! मी बटण दाबलं तेव्हा तिने वाटीच्या काठावर हात टाकला होता. काट्याने वाटी आणि हात मिळून शून्य धरलं. हात निघाला, काटा उण्यात गेला. आता मी कितीही भात वाढला तरी त्यातून एक हात वजा होणार.

वाढायचा डाव हातात धरून मी विचारलं, "तोमो, सकाळी डबी चालू करताना काय करता तुम्ही?"

"शून्य करतो. मोठं बटण दाबून धरायचं. मालकच करतात."

"कुठे?"

"कारखान्यात. अजून कुठे? झाडून झालं की."

दुसऱ्या दिवशी सुझुला पाठीशी बांधून मी साडेसातलाच कारखान्यात हजर झाले. डबा विसरला म्हणून द्यायला आले, असं सांगितलं. डबा तोमोच्या हातात होता. तोमो डबा पाठीमागे लपवून उभा राहिला.

इवानागांच्या कारखान्यात सकाळी सगळे झाडतात. मालकसुद्धा. वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे आणि त्यात कोणी हात राखत नाही. पाच माणसं पाच केरसुण्या घेऊन रांगेत, खिडकीपासून दारापर्यंत, बाकाखाली, फळ्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात. मग रेडिओवरच्या कवायतीसाठी सगळे उभे राहिले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात... माझ्या पाठीवरून सुझु दोन्ही हात पसरून ते पकडायला लागली. दुधाळ, जाड, सावकाश फिरणारं धुळीचं धुकं. पाच माणसं त्यात हात वर करून दीर्घ श्वास घेत होती. एक, दोन, तीन, चार.

कवायत संपली. इवानागा-सान म्हणाले, "खोली लख्ख! आता डब्या," आणि खोलीच्या मध्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही बटणं दाबली.

ही त्या दिवसाची सर्वांत धुळकट वेळ होती. डब्यांना सांगितलं गेलं होतं की याला शून्य म्हणायचं.

मी तशीच भिंतीवरच्या तक्त्याकडे गेले. लाल फुलाचा दिवस अठ्ठावीस डिसेंबर.

"मालक, या दिवशी काय होतं?"

"वर्षअखेरची मोठी सफाई! छतापासून फरशीपर्यंत झाडलं. म्हणून तर शून्य आलं," ते फुशारून म्हणाले.

"आणि हा सव्वीस जानेवारी? ०.१९ लिहिलंय, पुढे लिहिलंय 'यंत्र बिघडले'."

"त्या दिवशी बर्फ पडला होता. थंडीने बिघडलं."

"त्या दिवशी झाडलं होतं का?"

याएको-सान बाकावर बसता बसता म्हणाल्या, "कुठलं झाडतोय! केरसुण्यांच्या खोलीचं दार बर्फाने अडलं होतं. आम्ही थेट कामाला लागलो."

"म्हणजे रात्रभर धूळ खाली बसलेली होती. तेव्हा स्वच्छ हवेत शून्य झालं, आणि त्या एकाच दिवशी डबी खरं बोलली," मी म्हटलं. "बाकी रोज तुम्ही झाडून धूळ उडवता, ती शून्य म्हणून डबीत भरता आणि दिवसभर तेवढी धूळ प्रत्येक आकड्यातून वजा होते. जितकं जास्त झाडाल तितका आकडा चांगला."

इवानागा-सानचा चेहरा लाल झाला. "माझ्या कारखान्यात केर काढणं चूक ठरवायला तू आलीस? तीस वर्षं मी या हातांनी झाडतोय!"

"केर काढणं चूक नाही हो. पण डबीबरोबर एक पांढरी गाळणी आली असेल, टोपणासारखी. ती तोंडावर बसवून शून्य करायचं असतं, माहितीपत्रकात लिहिलंय. मी रात्री फोनवर शोधून वाचलं."

"ते टोपण?" ते खणाकडे गेले आणि डब्यांबरोबर आलेला खोका काढला. दोन्ही गाळण्या त्यात कोऱ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. "प्रवासात धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं वाटलं मला. परत करताना लागेल म्हणून जपून ठेवलं."

याएको-सान खो खो हसल्या. "आमच्या मालकांनी धूळ अडवणारी वस्तू धुळीपासून जपून ठेवली!"

मालक हसले नाहीत. पण माणूस हट्टी असला तरी बेइमान नाही. म्हणाले, "बोलून काय होतं? करून दाखव."

एक डबी गाळणी लावून बाहेर, आवारातल्या झाडाखाली शून्य केली. दुसरी नेहमीसारखी खोलीत. दोन्ही तोमोच्या छातीवर शेजारी शेजारी लावल्या. तासभर त्याने काठ खरवडले. मी सुझुला झुलवत दाराशी उभी राहिले आणि जी फुंकर इतके दिवस घरी बसून नुसती कल्पनेत ऐकत होते, ती आता डोळ्यांनी बघत होते.

खोलीतली डबी: ०.०२. गाळणीची डबी: ०.२७.

"मग ही गाळणीवाली बिघडलीय," इवानागा-सान म्हणाले.

"अदलाबदल करा," तोमो म्हणाला. तोमो कामावर सहसा बोलत नाही. त्याने दोन्ही डब्या काढून मालकांच्या हातात ठेवल्या. "जिला बिघडली म्हणता तिला खोलीत शून्य करा, दुसरीला बाहेर."

आणखी एक तास. आकड्यांनी जागा बदलल्या. आता दुसरी डबी ०.२८ म्हणत होती.

तोमोने हनुवटीवरचा मुस्का नाकावर चढवला. याएको-साननेही चढवला, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. इवानागा-सान खिडकीजवळच्या बाकाकडे बघत म्हणाले, "तोकीए-सान बसायच्या तेव्हाही मी असंच झाडायचो. त्यांच्या पायाखालून."

मग स्वतःच फोन उचलून त्यांनी संघाच्या मोजणीवाल्या कुगा-सानना बोलावलं.

कुगा-सान माझ्याच वयाची, बोलायला तुटक. तिने छोटा पंप आणि कागदासारखी पातळ गाळणी आणली. ही गाळणी आधी तोलायची, दिवसभर माणसाच्या गळ्याशी लावून हवा ओढायची आणि मग पुन्हा तोलायची. वजन किती वाढलं, तेवढी धूळ. "डबी अंदाज करते, गाळणी तोलते," ती म्हणाली. "भांडण झालं तर निकाल गाळणीचा. पण प्रयोगशाळेतून यायला आठ-दहा दिवस लागतील."

ते आठ-दहा दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मनात एकच येत होतं, माझंच चुकलं असलं तर? तक्ता द्यायची तारीख अठ्ठावीस. सव्वीसला दुपारी इवानागा-सान स्वतः आमच्या दारात आले. टोपी हातात. मला वाटलं, संपलं.

"०.३१," ते म्हणाले. "तुझ्या डबीने तर कमीच सांगितलं होतं. कुगा-सान म्हणते, डबी वेगळ्या धुळीवर घडवलेली असते, आपल्या मातीसाठी आकड्याला थोडं वाढवून घ्यावं लागतं. पण खरं तुझंच."

आपल्या नवऱ्याच्या छातीत रेघेच्या तिप्पट धूळ जाते हे ऐकून कोणाला आनंद झाला असेल का? मला झाला. रडू आणि हसू एकदम आलं. सुझु माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली.

"पण मालक," मी डोळे पुसत विचारलं, "संघात काय सांगणार?"

"काय सांगायचं ते मला ठरवू दे."

अठ्ठावीसला संघाच्या दिवाणखान्यात अकरा मालक गुडघे मोडून बसले होते. मी मागे, सुझुला मांडीवर घेऊन. इवानागा-सान उठले, वाकून नमस्कार केला आणि लाल फुलाचा तक्ता सगळ्यांसमोर उभा फाडला.

"आमचे आकडे खोटे आहेत. खोटं कोणी लिहिलं नाही, मी ते झाडून झाडून तयार केले," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं. टोपण जपून ठेवल्याचंसुद्धा.

पलीकडे मोरियामांचे मालक बसले होते. इवानागा-सानचं आणि त्यांचं वीस वर्षं पटत नाही. ते फिस्सकन हसले. इवानागा-सान त्यांच्याकडे वळले.

"मोरियामा-सान, तुम्ही डबी शून्य कधी करता?"

"सकाळी."

"सकाळी कधी?"

मोरियामांचं हसू ओठांवरच राहिलं. "...झाडून झाल्यावर."

मग दिवाणखान्यात एकेक हात वर व्हायला लागला. आमचंही. आमचंही. अकरांपैकी आठ! त्यांतल्या एकाने तर गाळणीने मिठाची बाटली बंद केली होती. एवढे हसले सगळे की सुझु घाबरून माझ्या स्वेटरखाली शिरली. कुगा-सान मात्र हसली नाही. तिने आठही तक्ते गोळा केले, त्यांच्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "मार्चमध्ये पुन्हा. गाळणी लावून."

मार्चचे आकडे आले. आम्ही वाईटात दुसरे आलो. निकालाचा कागद इवानागा-सान कारखान्यात घेऊन आले तेव्हा पाच माणसांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. कोणीतरी विचारलं, "कसलं बक्षीस मिळालं?" याएको-सान ओरडल्या, "गावात सर्वांत घाण हवेचं दुसरं बक्षीस!" पहिलं मोरियामांना गेलं. इवानागा-सान आजही म्हणतात, तिथेही ते एका पावलाने पुढेच.

एप्रिलच्या मध्यावर खिडकीजवळच्या बाकाला ते यंत्र बसलं. रुंद चपटं तोंड, पेल्याच्या अगदी मागे. तोमोने पहिला काठ खरवडला आणि भुकटी वर उडायच्या आत मागे ओढली गेली. सवयीने त्याने फुंकर मारली. उडायला काही नव्हतंच. तो पेला डोळ्यांसमोर धरून बघत बसला, मग माझ्याकडे बघून असा हसला की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा हसलेला नाही. डबी म्हणाली ०.०३. कुगा-सानच्या गाळणीने तोलून सांगितलं ०.०४. दोघींचं पटत होतं. मे महिन्यात तोमोच्या छातीचा फोटो काढला. स्वच्छ. डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, आता मलाच खोकला येईल."

तोकीए आजींचा खोकला काही गेला नाही. तो जाणाराही नाही. पण यंत्र बसलं त्या दिवशी इवानागा-सान त्यांना गाडीत घालून कारखान्यात घेऊन गेले. आजींनी त्या तोंडापुढे तळहात धरला, ओढ किती आहे ते बघितलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास रे." मालकांनी खाली मान घालून "हो" म्हटलं. आता तिथे झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात.

हे सगळं मी लिहिते आहे कारण आमचा कारखाना एकटाच असा असेल असं मला वाटत नाही. दगड कापणारे, लाकूड घासणारे, पीठ दळणारे, सिमेंट कालवणारे, कुणाच्या ना कुणाच्या छातीवर अशी डबी असेल, आणि घरी कुणीतरी तिचा आकडा बघून निश्चिंत असेल. तुमच्या घरातला तो माणूस कोण आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आज तो घरी आला की त्याला विचारा, डबी कुठे शून्य करतोस, कशी करतोस. "करतो बरोबर" म्हणाला तर तेवढ्यावर सोडू नका. उद्या सकाळी एकदा त्याच्याबरोबर जा, आणि तो कसल्या हवेत श्वास घेतोय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.